गाबोळीच्या कुर्ल्या सोडल्या, तर आपल्याच खाडीत कुर्ल्या वाढतील का?

प्रश्न

आमचे गाव मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठी आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी पिंजऱ्यात अर्ध्या किलोची कुर्ली, म्हणजे खाडीतला खेकडा, सहज मिळत असे. आता बहुतेक कुर्ल्या तळहाताएवढ्याच असतात. आमच्या बचत गटातील काही जणींचे म्हणणे असे आहे की गाबोळीने भरलेल्या माद्या कोणीही विकू नयेत, त्या परत पाण्यात सोडाव्यात. परंतु बाजारात सर्वांत चांगला भाव याच कुर्लीला मिळतो. एवढे उत्पन्न सोडायचे, तर त्याचे फळ आमच्याच खाडीत दिसेल का, हे जाणकारांनी सांगावे. तसेच खाडीत कुर्ल्या किती आहेत, हे आम्हाला स्वतः मोजता येईल का?

प्रतिसाद १

ताई, आपण ज्याला गाबोळी म्हणतो, तो मादीच्या कवचाखाली पिकत असलेला केशरी अंडाशय असतो. ती अंडी अजून बाहेर आलेली नसतात. ती बाहेर येऊन पोटाच्या पटाखाली घोसासारखी चिकटली, म्हणजेच मादी खऱ्या अर्थाने अंडी वाहू लागते, आणि अशी मादी खाडीत क्वचितच सापडते. कारण गाबोळी पिकत आली की माद्या खाडी सोडून खुल्या समुद्राकडे निघतात. ऑस्ट्रेलियात अशा माद्या किनाऱ्यापासून 95 किलोमीटरपर्यंत आत आढळल्याची नोंद आहे. म्हणून ‘पोटाखाली अंडी असलेली मादी पकडू नये’ एवढाच नियम केला, तर खाडीत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. वाचवायची असेल ती गाबोळीवाली मादीच, म्हणजे तुमच्या गटातील बायकांचे निदान बरोबर आहे.

आता फळ कोणाला, हा प्रश्न. एक मादी एका वेळी लाखोंच्या संख्येत अंडी देते. त्यांतून निघणारी पिल्ले पाच अवस्थांतून जात तीन-एक आठवडे समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि त्यांना खारे पाणीच लागते. पावसाळ्यातील गोड्या पुरात ती मरतात, म्हणूनच आईला समुद्रात जावे लागते. पुढे त्यांतील जी थोडी वाचतात, ती ज्या खाडीच्या तोंडाशी पोहोचतील तेथे शिरतात. याचा अर्थ असा की कर्लीत सोडलेल्या मादीची पिल्ले आचऱ्यात किंवा देवगडलाही वाढू शकतात आणि तुमच्या खाडीतील कुर्ल्यांची आई दुसऱ्याच गावची असू शकते. एका गावाने माद्या सोडल्या तर त्याचा लाभ सगळ्या किनाऱ्यावर विखुरतो. हे काम शेजारच्या चार-पाच खाड्यांनी मिळून केले तरच ते मनाला पटेल असे दिसू लागेल.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यातून निराश होऊ नये. खाडीत शिरलेले पिल्लू मोठे होते की नाही, हे मात्र पूर्णपणे त्या खाडीवर अवलंबून असते. कुर्ली कात टाकून वाढते आणि कात टाकल्यावर काही काळ तिचे कवच मऊ असते. त्या वेळी तिच्याच जातीची मोठी कुर्ली तिला खाऊन टाकते. तिवराच्या श्वसनमुळांमधील आणि कांदळाच्या मुळांखालील आडोसा जितका अधिक, तितकी लहान कुर्ली वाचण्याची शक्यता अधिक. भराव घालून किंवा बांध बांधून हा आडोसा गेला, तर समुद्रातून कितीही पिल्ले आली तरी संख्या वाढत नाही. म्हणून लहान कुर्ली न पकडणे आणि कांदळवन राखणे, या दोन गोष्टींचे फळ मात्र तुम्हाला तुमच्याच पाण्यात मिळते.

मोजणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कात टाकताना कवच जाते, त्यामुळे माशाच्या कानातील खड्यावरून जसे वय काढतात तसे कुर्लीचे काढता येत नाही, आणि कवचावरची खूणही कातेबरोबर निघून जाते. त्यामुळे खूण करून पुन्हा पकडण्याचा प्रयोग आठवड्याभरातच उरकावा. समजा, पहिल्या वेळी 60 कुर्ल्यांना रंगाची खूण करून सोडले, आणि पाच दिवसांनी पकडलेल्या 50 कुर्ल्यांत 12 खुणेच्या निघाल्या, तर 60 गुणिले 50 भागिले 12, म्हणजे त्या पट्ट्यात सुमारे 250 कुर्ल्या आहेत असा ढोबळ अंदाज येतो. पिंजऱ्यात मोठा नर आधी शिरला की लहान कुर्ल्या आत येत नाहीत, म्हणून पिंजऱ्यातील नर-मादी प्रमाण हेच खाडीतील प्रमाण, असे समजू नये. त्यापेक्षा दर महिन्याला त्याच जागी, भरतीच्या त्याच वेळी, तेवढेच पिंजरे आणि तेच आमिष वापरून प्रत्येक कुर्लीची रुंदी व लिंग वहीत लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रतिसाद ३ (उरण)

आमच्याकडे चिंबोऱ्या (म्हणजे तुमच्या कुर्ल्या) फग, म्हणजे आमिष बांधलेले गोल जाळे, लावून पकडतात आणि बिळातल्या आकड्याने ओढतात. वहीत एक रकाना जातीचाही ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या खाड्यांत दोन जाती मिसळून येतात: मोठी, जिच्या सर्व पायांवर जाळीदार नक्षी असते आणि डोळ्यांमधले दाते टोकदार असतात, ती स्किला सेर्राटा; आणि लहान, तांबूस तपकिरी, बोथट दात्यांची, ती स्किला ऑलिव्हेशिया. दुसरी मुळातच लहान आकारात वयात येते. भारतात बराच काळ या नावांची अदलाबदल झालेली असल्याने जुन्या अहवालांतील आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. दोन्ही एकत्र मोजल्या, तर ‘कुर्ल्या लहान झाल्या’ असे वाटते, पण प्रत्यक्षात फक्त लहान जातीचा वाटा वाढलेला असू शकतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मादी पकडायलाच बंदी आहे आणि नरही 15 सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीचा असेल तर सोडावा लागतो. बांगलादेशातील सुंदरबनात जानेवारी-फेब्रुवारीत खेकडे पकडणे बंद असते. ते महिने आपण जसेच्या तसे उचलू नयेत. तुमच्या खाडीत गाबोळीच्या माद्या कोणत्या महिन्यांत जास्त येतात, ते तुमच्या वहीवरूनच ठरवावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. समुद्रात जाणारी मादी परत आमच्याच खाडीत पिल्ले आणते, असे आम्ही गृहीत धरले होते. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडणार आहे: एक, तळहाताएवढ्या कुर्ल्या आत्तापासूनच सोडणे, आणि दोन, वर्षभर वही ठेवून, गाबोळीचे महिने कळल्यावर शेजारच्या गावांशी बोलणे. जाती ओळखण्यासाठी डेंग्यांवर (नांग्यांवर) आणखी काही खूण असते का?

प्रतिसाद ३ (उरण)

असते. डेंग्याच्या मधल्या सांध्याची बाहेरची बाजू पाहा: मोठ्या जातीत तेथे दोन स्पष्ट काटे असतात, लहान जातीत एखादा बोथट उंचवटा असतो किंवा काहीच नसते.