अकरावीच्या वर्गात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांना संवाद शिकवावा कसा?

प्रश्न : शिक्षिका, नाशिक
आमच्या वर्गात सुरगाणा-पेठहून आलेली कोकणा आणि महादेव कोळी या आदिवासी समाजांतील मुले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या उत्तर भारतीय कुटुंबांतील मुले आणि जुन्या नाशकातील मुस्लिम मुले एकत्र शिकतात. हाणामारी होत नाही; पण बाके वाटून घेतल्यासारखी आहेत, आणि सुरगाण्याची एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली की मागून तिच्या बोलीची नक्कल होते व ती पुन्हा तोंड उघडत नाही. एकात्मतेवरील व्याख्यानांनी काही बदलले नाही. आठवड्याचा एक तास हाताशी आहे. त्यात काय करावे?

उत्तर १ : निवृत्त मानसशास्त्र शिक्षक
मुलांना नुसते शेजारी बसवल्याने पूर्वग्रह जात नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा या अटी मांडल्या होत्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात, शाळांतील वर्णभेदी विभागणी संपल्यानंतरच्या तणावात, त्यावर वर्गात चालणारी पद्धत बसवली. ती आपल्याकडे अशी करता येईल : विषय गोदावरी. प्रत्येक मिश्र गटात एकाला ब्रह्मगिरीवरील उगम, दुसऱ्याला गंगापूर धरण, तिसऱ्याला द्राक्षबागांचे पाणी, चौथ्याला रामकुंड. ज्याच्या वाट्याचा मजकूर फक्त त्याच्याच हाती द्यावा. एकच भाग मिळालेल्या निरनिराळ्या गटांतील मुलांनी आधी एकत्र तयारी करावी, मग आपापल्या गटात परतून तो इतरांना शिकवावा, आणि शेवटी सर्व भागांवर प्रत्येकाची चाचणी घ्यावी. धरणाची माहिती त्या मुलीकडेच असेल, तर नक्कल करणाऱ्यालाही तिचे बोलणे नीट ऐकावे लागते. हे दोन-चार तासांत साधेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

उत्तर २ : मध्यस्थी करणाऱ्या वकील
याला तंटा सोडवण्याच्या सरावाची जोड द्यावी. समोरच्याचे म्हणणे ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे तो कबूल करीपर्यंत आपल्या शब्दांत सांगायचे, त्यानंतरच स्वतःची बाजू मांडायची, एवढा एकच नियम आरंभी पुरे. मग मागणी आणि तिच्यामागची गरज यांतील फरक दाखवावा. ‘संध्याकाळी मैदान आम्हालाच हवे’ असे दोन्ही गट म्हणतात. कारण विचारले की एका गटाला पेठची एसटी गाठायची असते आणि दुसऱ्याला जागेपेक्षा सरावाला सलग तास हवा असतो, हे समोर येते. मागण्यांवर अडलेले भांडण गरजा कळल्यावर बहुधा वेळेच्या वाटणीवर मिटते.

उत्तर ३ : सामाजिक कार्यकर्ता, पंचवटी
वरील दोन्ही सूचना पटतात, तरी प्रत्येक तंटा गैरसमजातून होतो असे मुलांच्या मनात भरवू नये. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो चिकाटीने चालवला. तिथे प्रश्न हक्काचा होता. दोन्ही बाजूंनी थोडे मागे सरावे, हे त्याचे उत्तर असूच शकत नव्हते. नक्कल हा अपमान आहे. तो त्याच क्षणी शिक्षकाने थांबवावा, आणि त्या मुलीला ‘समजून घे’ असे चुकूनही सांगू नये. तिला चर्चेला बसायचे आहे की नाही, हे आधी तिलाच एकांतात विचारावे.

शिक्षिका : आभारी आहे. गोदावरीच्या पाठापासून आरंभ करते. नकलेबाबत वर्गाला त्याआधीच स्पष्ट सांगेन. मध्यस्थीच्या सरावासाठी प्रत्येक गटातून मुले निवडताना शिक्षकांनी नेमावीत की वर्गाने, याबद्दल वकीलताईंचा अनुभव वाचायला आवडेल.

उत्तर २ : वर्गाने नावे सुचवावीत, पण मध्यस्थांची जोडी आपण लावावी; कारण दोन्ही मध्यस्थ एकाच बाकावरचे असले, तर दुसरी बाजू पहिल्या वाक्यालाच गप्प होते.