मदत हवी आहे: 'द रोड'च्या शेवटी येणारं कुटुंब चांगलं की वाईट? (स्पॉयलर आहेत)

अर्धी_रात्र

सिनेमाचा शेवट इथे सरळ उघड केलाय. प्रतिसादांत आणखी काही शेवट फुटतील असं वाटतंय, तेव्हा ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरा.

मी आणि दादाने मिळून जॉन हिलकोटचा 'द रोड' (2009) पाहिला. जगाची राख झालीये, झाडं मेलीत, उरलेल्या माणसांतली बरीचशी एकमेकांना खातायत आणि त्यातून एक बाप लहान मुलाला घेऊन समुद्राकडे चाललाय. बाप-लेकाला नावंसुद्धा नाहीत. शेवटी बाप किनाऱ्यावर मरतो. मग एक अनोळखी माणूस येतो, मागोमाग त्याची बायको, दोन मुलं आणि एक कुत्रा. बाई सांगते, आम्ही तुमच्या मागे मागे होतो, तुझी फार काळजी वाटत होती. मुलगा 'बरं' म्हणतो. संपला सिनेमा.

मी डोळे पुसत होते. दादा शांतपणे म्हणाला, "खाणार त्याला."

तेव्हापासून घरात हाच वाद चालू आहे. म्हटलं मूळ कादंबरी वाचून सोक्षमोक्ष लावू. कॉरमॅक मॅकार्थीची कादंबरी 2006 ची, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. वाचली, आणि डोकं जास्तच फिरलं. कारण कादंबरीचा शेवटचा परिच्छेद त्या मुलाबद्दल नाहीच! डोंगरातल्या ओढ्यांत एकेकाळी ट्राउट मासे होते, त्यांच्या पाठीवर नकाशांसारख्या रेघा होत्या, असं काहीतरी येतं आणि पुस्तक संपतं. मासे कुठून आले मध्येच?

माझं अडतंय ते असं. ते कुटुंब खरंच मागावर होतं, तर बाप खोकून खोकून मरत असताना पुढे का आलं नाही? आणि सिनेमातलं कोडं सोडवायला कादंबरीचा आधार घेतला तर चालतो का, की ती फसवणूक झाली? जाणकारांनी मदत करा. दादाने हरायला हवं अशी माझी इच्छा आहे, पण पुरावा प्रामाणिक हवा.

जुना_पडदा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर लिहीन. तूर्तास एवढंच, की माणसं खाणाऱ्यांनी कुत्रा आधी खाल्ला असता. दादांना सांगा.

कोरडा_पाषाण

मी दादांच्या बाजूने. "आम्ही तुमच्या मागे होतो" हे वाक्य त्या सिनेमात ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याने आधीचा दीड तास झोपेत घालवलाय. त्या जगात मागावर असणं म्हणजे शिकार. बाप जिवंत असेपर्यंत लांब राहिले, पोरगं एकटं पडल्यावर हसत हसत पुढे आले. हीच तर पद्धत आहे. आणि कुत्रा मागावर राहायला उपयोगी पडतो हो, म्हणून ठेवला असेल.

तळघर

पाषाणराव, एकदा कॅमेरा त्या कुटुंबाच्या बाजूला लावून बघा. लांबून त्यांना काय दिसलं असेल? एक खंगलेला, पिस्तूलवाला माणूस. सामान चोरणाऱ्याला त्याने गाठलं आणि कपडे, बूट सगळं उतरवून त्या थंडीत उघडा सोडला. मुलगा रडून विनवण्या करत होता म्हणून नंतर कपडे परत नेऊन ठेवायला तरी तयार झाला. वरून बाण मारणाऱ्यावर त्याने फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक) चालवली. दोन लहान मुलं बरोबर असताना अशा माणसासमोर तुम्ही जाल का? मी तर नसतो गेलो. आपण सगळा सिनेमा बापाच्या खांद्यावरून पाहिला म्हणून तो आपल्याला निरुपद्रवी वाटतो.

कादंबरीत तर तो नवा माणूस मुलाला स्पष्ट सांगतो की तुला घ्यायला यावं की नाही यावरच आमच्यात चर्चा झाली होती. भक्ष्याला कुणी असलं सांगत नाही. गोड बोलणं सोपं होतं.

आणखी एक. सिनेमात ते दोघं अन्नाने भरलेल्या भुयारात सुखात असतात आणि वरून आवाज येतात, त्यात कुत्र्याचाही. बाप घाबरतो आणि ती जागा सोडायला लावतो. शेवटी कुत्रा दिसल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं. बाप ज्यांच्यापासून पळाला ते हेच असतील तर? सिनेमा तसं बोलून दाखवत नाही, पण कुत्रा उगाच दोनदा येत नाही.

क्रियापद

अर्धी_रात्र, सिनेमा आणि कादंबरी यांचा खटला वेगवेगळा चालवा. दोन्हींत संशय आहे, पण तो एका जागी नाही.

आधी कादंबरी. तिच्यात कुटुंबाबद्दल शंका राहूच नये अशी सोय केलेली आहे. मुलगा पिस्तूल पुढे करतो तर माणूस ते घेत नाही, तुझ्याकडेच ठेव म्हणतो. वडिलांना पांघरूण घालीन असं वचन देतो, आणि मुलगा निरोप घ्यायला जातो तेव्हा प्रेत खरंच पांघरलेलं असतं. लबाड माणूस मेलेल्याबद्दल दिलेला शब्द कशाला पाळेल? त्या थंडीत एक घोंगडी म्हणजे चैन आहे.

तरी हे सगळं परिस्थितिजन्य झालं. खरा पुरावा व्याकरणात आहे. बाई मुलाला जवळ घेते, आणि लगेच पुढच्या वाक्यात कादंबरीकार सांगतो की ती त्याच्याशी अधूनमधून देवाबद्दल बोलायची. 'बोलली' नव्हे, 'बोलायची'. रीतिभूतकाळ! एकदा घडून गेलं असं नाही, पुन्हा पुन्हा घडत राहिलं. पुढे येतं, मुलगा देवाशी बोलायचा प्रयत्न करी, पण त्याला वडिलांशी बोलणं जास्त जमे आणि तो बोलत राहिला, विसरला नाही. म्हणजे त्या एका ओळीत किती दिवस, कदाचित किती महिने गेले बघा. पोरगं जिवंत आहे, त्यांच्यातच राहतंय, बाईला त्याच्याशी देवाच्या गप्पा मारायला सवड आहे. दादांचं 'खाणार त्याला' तिथेच संपतं.

आता सिनेमा. कॅमेऱ्याला रीतिभूतकाळ येत नाही. तो फक्त 'आत्ता' दाखवतो. बाईचा चेहरा, तिचं हसू, कुत्रा, मुलाचं 'बरं', आणि काळा पडदा. 'बोलायची' हे दाखवायला निदान दोन-चार वेगवेगळे दिवस दाखवावे लागले असते, किंवा निवेदकाच्या तोंडी घालावं लागलं असतं. हिलकोटने दोन्ही केलं नाही. ती एक ओळ गळाली आणि कादंबरीत नसलेला संशय सिनेमात तयार झाला. मुद्दाम की नाइलाजाने, या वादात मी पडत नाही.

मासे मात्र विसरू नका, ते फार महत्त्वाचे आहेत. पोराचं भलं झालं हे कळून आपण सुस्कारा सोडतो आणि मॅकार्थी लगेच सांगतो की एकेकाळी असं एक जग होतं आणि ते पुन्हा जुळवता येणार नाही. तिथेही भूतकाळच आहे, पण हा कायमचा मिटलेला. चांगली माणसं भेटली, पण राहायचं कुठे?

सिनेमात याच्या उलट आहे. तिथे ते मासे नाहीत. त्याऐवजी आधीच एका डबीतून जिवंत भुंगा उडतो, म्हणजे जगात अजून काहीतरी धुगधुगी आहे. कादंबरी माणसांबद्दल निश्चिंत करते आणि जगाबद्दल दार लावून घेते. सिनेमा जगाबद्दल दार किलकिलं ठेवतो आणि माणसांबद्दल धाकधूक. तुमची जी गल्लत झाली ती यामुळे झाली असावी. तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पुस्तकात शोधलंत.

अर्धी_रात्र

बाप रे. 'बोलायची' वाचून उठून पुस्तक काढलं. आहे! मी ते वाक्य माशांच्या घाईत ओलांडून गेले होते.

पण दादाला वाचून दाखवलं तर म्हणतो, "वाद सिनेमाचा चाललाय, पुस्तक आणू नकोस." आता?

जुना_पडदा

रुमाल उचलतो.

दादांचा आक्षेप रास्त आहे. मॅकार्थीच्याच दुसऱ्या कादंबरीवरून सांगतो. 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन', कादंबरी 2005, कोएन बंधूंचा सिनेमा 2007. शेवटाकडे खुनी शिगर हा नायकाच्या बायकोच्या, कार्ला जीनच्या, घरी येऊन बसतो. मारायचं की सोडायचं हे तो कधीकधी नाणं उडवून ठरवतो. कादंबरीत ती नाण्याचा कौल मागते, हरते, आणि तो तिला गोळी घालतो. सिनेमात ती कौल मागायलाच नकार देते, नाणं नव्हे तूच ठरवतोयस म्हणते. पुढे काय झालं ते दाखवतच नाहीत. शिगर बाहेर ओसरीवर येतो आणि बुटांचे तळवे तपासतो. बस्स.

आता ती मेली की वाचली? पुस्तक उघडायची गरज नाही. आधी हॉटेलच्या खोलीत रक्त पसरत येतं तेव्हा तो फोनवर बोलता बोलता शांतपणे पाय वर घेतो, ते आपण पाहिलेलं असतं. रक्त पायाला लागू न देणारा माणूस तळवे का बघतो, हे सिनेमानेच आपल्याला आधी शिकवून ठेवलंय. शेवट संदिग्ध वाटला की मी शेवटाकडे बघत बसत नाही, मागे जातो आणि सिनेमाने कुठे काय शिकवलं ते शोधतो. पण हेही खरं की कार्ला जीन पुस्तकात वेगळ्या रीतीने मरते. ती नाण्यापुढे झुकते की नाही, हाच त्या प्रसंगाचा जीव आहे. तिथे पुस्तकाची साक्ष काढली असती तर पार चुकलो असतो.

या न्यायाने 'द रोड'मध्ये तळघर यांनी दाखवलेला भुयारातला कुत्रा हाच सिनेमाचा स्वतःचा पुरावा. दादांना तो द्या.

अवांतर: त्या कादंबरीच्या आणि सिनेमाच्याही शेवटी शेरीफ स्वप्न सांगतो, त्यात त्याचा बाप शिंगात आग घेऊन थंडी-अंधारातून पुढे निघून जातो. त्या कादंबरीनंतर वर्षभराने आलेल्या 'द रोड' कादंबरीत बाप-लेक सारखे म्हणतात, आपण आग वाहून नेतोय. मला तर वाटतं म्हाताऱ्या मॅकार्थीच्या डोक्यातून ते स्वप्न गेलंच नाही, त्याने त्याचीच कादंबरी केली.

सावकाश_जाणारी

क्रेडिट्स चालू असताना उठलात का सगळे? 'द रोड'च्या काळ्या पडद्यावर नावं सरकताना मागे हलके आवाज आहेत, मुलांचे, कुत्र्याचे, साध्या वस्तीतल्या रोजच्या जगण्याचे. माणसांना मुलं होणंच थांबलेल्या जगाचा सिनेमा 'चिल्ड्रन ऑफ मेन' (2006, पी. डी. जेम्स यांच्या 1992 च्या कादंबरीवरून), त्यातही शेवटी बोटीजवळ जहाज येतं आणि पडदा काळा झाल्यावर मुलांचं हसणं ऐकू येतं.

कोरडा_पाषाण

'बोलायची'पुढे माझा नाइलाज आहे, कादंबरीपुरता हात जोडतो. पण ते आवाज उद्याचे की गेलेल्या काळाचे? मला ते ऐकताना मासेच आठवले. असं सगळं एकेकाळी होतं, एवढंच सांगणारे. क्रियापद म्हणतात की सिनेमात मासे नाहीत. मला वाटतं आहेत, फक्त कानांसाठी ठेवलेत.

क्रियापद

हे मला सुचलं नव्हतं. पुन्हा ऐकावं लागेल.

अर्धी_रात्र

सगळ्यांचे आभार. काल रात्री भुयाराचा प्रसंग आणि शेवटची दहा मिनिटं पुन्हा लावली, या वेळी क्रेडिट्स संपेपर्यंत बसलो. आवाज आहेत. मला ते पुढचे वाटले. दादा काही बोलला नाही, पण दोनदा मागे नेऊन ऐकले त्याने. कुत्र्याचा मुद्दा त्याने मान्य केला, म्हणजे ते आधीपासून मागे होते आणि बाप उगाच पळाला हे कबूल.

मग झोपायला जाताना दारात थांबून विचारतो, "सगळं ठीक आहे गं, पण त्या कुत्र्याला इतके दिवस खायला काय घालत होते?"

कुणाकडे उत्तर असेल तर धागा चालू ठेवतेय.