मदत हवी आहे : मशीन पाणी सोडत नाहीये, कपडे आत अडकलेत (अर्जंट)

उनाड_पाऊस
घरचं माणूस कामासाठी बाहेरगावी गेलंय, इतक्यात येणार नाही, आणि कपड्यांचं खातं पूर्ण तिकडेच असतं. आज लावलेलं मशीन मधेच पिंपिं करून गप्प बसलंय, दार उघडत नाही आणि आत शाळेचे दोन्ही युनिफॉर्म आहेत जे उद्या सकाळी लागणारेत. बंद करून परत चालू करून झालं, तेच. फोन लावावा तर साइटवर रेंज नसते, रात्री कधीतरी एखादा मेसेज पडतो. सर्व्हिसवाल्यांनी परवाची वेळ दिलीये. त्यात भांडी साचलीत, कचऱ्याचा डबा भरून वाहतोय, डोकं फिरलंय नुसतं. काय करायचं ते पटकन सांगा. लिंका नकोत, व्हिडिओ नकोत.

शंकासूर
फ्रंट लोड की टॉप लोड?

तिरकस
हे घ्या. वहिनी घराबाहेर पडल्या की दुसऱ्या दिवशी हे असले धागे. मित्रा, सरळ लाँड्रीत दे सगळं आणि झोप काढ. मी तेच करतो. थोडे पैसे जातात पण इस्त्रीसकट घडी करून मिळतं.

उनाड_पाऊस
वहिनी मीच आहे, नवरा बाहेर गेलाय. आणि लाँड्रीत देऊ काय, कपडे आत अडकलेत म्हणून तर लिहिलंय ना!

तिरकस
बरं बरं. माफी.

शंकासूर
फ्रंट की टॉप?

उनाड_पाऊस
समोर गोल काचेचं दार आहे.

स्पॅनर
काचेतून पाणी दिसतंय का? आणि थांबलं तेव्हा घूं असा आवाज येत होता की एकदम शांतता? स्क्रीनवर काही लिहून आलंय का? यातलं काहीच सांगितलेलं नाही तुम्ही.

उनाड_पाऊस
काचेच्या अर्ध्यापर्यंत पाणी आहे, फेस पण आहे वर. आवाज येतो, घूं करतं, थांबतं, परत घूं. स्क्रीनवर ई आणि पुढे एक आकडा लुकलुकतोय.

उंटावरचा
ई म्हणजे कार्ड गेलं, मशीनचं सर्किट बोर्ड. आमचं अस्संच झालं होतं, शेवटी पीसीबी बदलावा लागला. त्यापेक्षा नवीन मशीन घेतलेलं परवडतं, वेळ घालवू नका.

स्पॅनर
उंटावरचा, ई नंतरचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, नुसत्या ई वरून कार्ड गेलं हे तुम्ही कसं ठरवलंत? पाणी भरलं, कपडे फिरले, पंप घुमतोय पण पाणी जात नाही. कार्ड व्यवस्थित काम करतंय, म्हणून तर एरर दाखवतंय. वाटेत काहीतरी अडकलंय.

निवांत_काकू
अगं बाळा, घाबरू नकोस. एक कप व्हिनेगर आणि चार चमचे खायचा सोडा, दोन्ही एकदम ओत पावडरच्या कप्प्यात आणि तासभर ठेव. सगळं साफ होतं. मी मशीन, बेसिन, नळ सगळ्याला हेच वापरते.

केमिकल_लोचा
काकू, दोन्ही एकत्र ओतले की फेस येतो, बघायला मजा येते, पण ॲसिड आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि मागे राहतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. यातल्या कशानेही आत अडकलेली पिन किंवा बटण विरघळणार नाही. आणि हे सगळ्यांसाठी लिहितोय, व्हिनेगर आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

निवांत_काकू
मी ब्लीचचं नावही काढलं नाही. आणि माझे नळ येऊन बघा, चेहरा दिसतो.

केमिकल_लोचा
नळांवरचा थर नुसत्या व्हिनेगरने जातो काकू, सोडा उगाच खर्च होतोय तुमचा.

उनाड_पाऊस
नळांचं नंतर बघा हो. पाणी कसं काढू???

स्पॅनर
सांगतो, पूर्ण वाचा मग हात लावा. आधी स्विच बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचं सेटिंग असेल तर पाणी निवू द्या. मशीनच्या मागचा जाड पाइप कुठे दुमडला किंवा मशीनखाली चेपला नाही ना ते बघा, कधी कधी तेवढंच असतं. तो ठीक असेल तर समोर अगदी खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, चौकोनी किंवा गोल छोटं झाकण असेल, ते नाण्याच्या कडेने उघडतं. आत मोठं फिरकीचं बूच दिसेल, तो पंपाचा फिल्टर. त्याच्या शेजारी बोटाएवढी काळी रबरी नळी असेल तर ती बाहेर ओढा, खाली पसरट ट्रे ठेवा, टोकाचं बूच काढा, ट्रे भरला की बूच लावा, ओतून या, परत तेच. खूप वेळा करावं लागेल, पाणी कमी दिसलं तरी भरपूर असतं. नळी नसेल तर फिरकीचं बूच अर्धा वेढाच सैल करा, ट्रेमध्ये येऊ द्या, घट्ट करा. एकदम काढलंत तर सगळं पाणी घरभर. जमिनीवर जुने टॉवेल आधीच टाका. पूर्ण रिकामं झालं की मग फिल्टर उलटा फिरवून बाहेर काढा.

शंकासूर
आणि दार जोर लावून ओढू नका. आत पाणी असलं की लॉक सुटत नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. पाणी गेल्यावर सुटेल.

बादलीवाला
मला मशीनच पटत नाही. हॉस्टेलपासून आजपर्यंत बादलीत रात्री भिजवायचे, सकाळी दोनदा खळबळून पिळून टाकायचे, एरर नाही, पीसीबी नाही, फिल्टर नाही. दोन माणसांचे कपडे असतात किती.

उनाड_पाऊस
चार माणसांचे आहेत आणि त्यातलं एक पावणेदोन वर्षांचं आहे.

बादलीवाला
मग दोन बादल्या.

सोनचाफा_७
मुळात एका घरात एक काम एकालाच येतं हेच चुकतं. आम्ही दर महिन्याला कामांची अदलाबदल करतो, त्यामुळे कोणी कुठे गेलं तरी घर चालू राहतं. फ्रीजवर कागद लावलाय, कोणाकडे काय.

तिरकस
आणि तो कागद वाचायचं काम कोणाकडे?

सोनचाफा_७
हसा. पण इथे सगळ्यांनी वहिनीला नवरा समजून लेक्चर दिलं ते बघा.

तिरकस
सगळ्यांनी नाही, मी एकट्याने. आणि मी माफी मागितलीये. बाकी अदलाबदल वगैरे आमच्याकडे फसली, ज्याला जे चांगलं जमतं त्याने ते करावं, दोघांनी सगळंच अर्धवट करण्यापेक्षा बरं.

उंटावरचा
इस्त्री करताना युनिफॉर्म उलटा करून करा, चकाकी येत नाही. पँटला तर नक्कीच.

शंकासूर
इस्त्रीचं कोणी विचारलंय?

उनाड_पाऊस
आले. मागचा पाइप ठीक होता. नळी होती, शेजारीच. ट्रे भरून भरून कमरेचा काटा ढिला झाला, बाळाने मधेच ट्रेमध्ये पाय घातला ते वेगळंच. फिल्टर काढला तर त्याला राखाडी गोधडी गुंडाळलीये असं वाटलं, इतका लिंटचा, म्हणजे कपड्यांच्या सुटलेल्या धाग्यांचा, थर. त्यात एक केसांची पिन, एक चुरगळलेली पावती आणि नवऱ्याच्या खिशातले दोन स्क्रू!! रोज साइटवरून खिशात स्क्रू घेऊन येतो आणि तोच सगळ्यांना सांगत फिरतो की मशीनमध्ये टाकताना खिसे बघा. फोटो पाठवून ठेवलाय, रेंज आली की बघेल. आता पुढे काय?

स्पॅनर
छान. आता त्या भोकात टॉर्च मारून बघा, आत छोटा पंखा दिसेल. एखाद्या काडीने फिरवा. अडखळत अडखळत फिरला तर घाबरू नका, मोटरमधल्या चुंबकामुळे तसं वाटतं. पण अजिबातच हलला नाही तर पात्यात अजून एखादा स्क्रू असेल. फिरला तर फिल्टर धुऊन नीट आटे बसवून घट्ट लावा, नळीचं बूच विसरू नका, आणि फक्त रिन्स आणि स्पिन लावून बघा.

उनाड_पाऊस
तिसरा स्क्रू होता. काढला. चालू केलं, पाणी गेलं!!! पण आता फिल्टरच्या कडेने थेंब थेंब येतंय.

उंटावरचा
म्हणजे वॉशर गेला. मी म्हटलं होतं नवीन घ्या.

स्पॅनर
तुम्ही कार्ड म्हटलं होतं. उनाड_पाऊस, मशीन थांबवा, पाणी बाहेर जाऊ द्या, मग फिल्टर परत काढून रबरी रिंगवर आणि आट्यांमध्ये लिंट राहिलाय का बघा, कपड्याने पुसा, सरळ बसवा. बहुतेक वेळा तिरपा बसलेला असतो.

उनाड_पाऊस
रिंगवर केसांचा गुंता होता. पुसून लावला, आता कोरडं आहे. पण युनिफॉर्म उद्यापर्यंत वाळतील का? आणि आधीच्या लोडमधल्या टॉवेलांना कुबट वास येतोय, ते पण याचमुळे का?

शंकासूर
युनिफॉर्म परत एकदा स्पिनवर टाका, हाय स्पीडला. मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि हँगरवर फॅनखाली, दोन हँगरमध्ये अंतर ठेवून. सकाळी थोडे दमट वाटले तर इस्त्री. उंटावरचा, आता सांगा उलटा करून.

केमिकल_लोचा
वासाचं एक कारण पाणी तुंबणं, दुसरं कपडे धुऊन झाल्यावर तासनतास आतच राहणं, तिसरं जास्त पावडर. मघाशी वर फेस होता म्हणालात. जास्त टाकलं की स्वच्छ होत नाही, ते नीट निघत नाही आणि त्याच्यावर जंतू पोसले जातात. पावडर फ्रंट लोडवाली आहे ना? टॉप लोडच्या पावडरला फेस जास्त. टॉवेल ६० डिग्रीवर लावा, लेबल चालतंय म्हणत असेल तर, आणि सॉफ्टनर नको, त्याने टॉवेल पाणी टिपेनासे होतात. दाराच्या रबरची घडी उलगडून पुसा, तिथेही घाण बसते. धुणं झालं की दार जरा उघडं ठेवा. पण बाळ आहे घरात, दार उघडं राहणारे तर त्या बाथरूमला कडी.

निवांत_काकू
आणि व्हिनेगर.

केमिकल_लोचा
काकू!

उनाड_पाऊस
पावडरच्या पिशवीवर टॉप लोड लिहिलंय. त्यानेच आणून ठेवलीये. स्पॅनर दादा (की ताई?), खूप खूप आभार. युनिफॉर्म फॅनखाली आहेत, टॉवेल ६० ला लावतेय, सर्व्हिसवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं. भांड्यांबद्दल कोणी काही सुचवू नका.