ध्यान शिकताना विसुद्धिमग्ग वाचावा की बाजूला ठेवावा?

सावकाश वाचक
माझं मत: वाचावा, पण दिवसाला पानभरच. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत हा ध्यानावरचा पाली बौद्ध ग्रंथ रचला. तेवीस प्रकरणं, ध्यानाचे चाळीस विषय, एकेका शब्दाची चिरफाड. पहिल्यांदा मी दोनदा खाली ठेवला. मग वितक्क आणि विचार (हा आपला नेहमीचा ‘विचार’ नव्हे) यांतला फरक सांगणारा दृष्टान्त भेटला: घंटेवर टोला पडणं म्हणजे वितक्क, मागे रेंगाळणारा नाद म्हणजे विचार. त्या दिवशी बसल्यावर श्वासाकडे मन नेणं आणि तिथे ते टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्यांदा जाणवलं. पीति (म्हणजे उल्हास) आणि सुखाचंही तसंच. वाळवंटात थकलेल्याला पाणी दिसतं ती पीति, तो पाणी पिऊन सावलीत विसावतो ते सुख. असं बारकाईनं दुसरं कोण सांगतं?

मौनी
माझा पूर्ण विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलाय. आनापानसतीच्या, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाच्या भागात निमित्त (मन एकाग्र झाल्यावर उमटणारी खूण) ताऱ्यासारखं, मोत्यांसारखं, चंद्रबिंबासारखं दिसतं असं वाचलं आणि पुढचे कित्येक महिने मी मिटल्या डोळ्यांमागे उजेड शोधत बसलो. श्वास सुटला तो सुटलाच. सामञ्ञफलसुत्त या बुद्धाच्या उपदेशात पहिलं ध्यान, म्हणजे एकाग्रतेची पहिली पायरी, चार ओळींत आहे, सोबत एकच उपमा: स्नानचूर्ण पाणी शिंपडून मळायचं, गोळा आतबाहेर भिजतो पण ठिबकत नाही. मला एवढं पुरलं. विसुद्धिमग्गाच्या बाराव्या प्रकरणात तर कसिणाची (मातीची चकती, रंग अशा गोष्टीवर नजर लावून करायच्या ध्यानाची) पूर्वतयारीच शंभरात किंवा हजारात एखाद्याला जमते, निमित्त त्यांतल्याही एखाद्यालाच, असं म्हटलंय. नवख्यानं हे वाचून करायचं काय?

सावकाश वाचक
बारावं प्रकरण ऋद्धींचं, म्हणजे अलौकिक शक्तींचं आहे हो. हवेतून जाणं, एकाचे अनेक होणं, त्या वाटेची ती मोजदाद आहे. मन शांत करू पाहणाऱ्यानं ती अंगाला लावून घेऊ नये. आणि तारा-मोत्यांची यादी जिथे आहे, तिथेच थोडं पुढे वाचा. काही भिक्खू एका सुत्ताचं पठण करून बसलेत. ते कसं वाटलं, असं विचारल्यावर एकाला डोंगरातली मोठी नदी वाटते, दुसऱ्याला वनराजी, तिसऱ्याला फळांनी लदलेलं गार सावलीचं झाड. सुत्त एकच, संज्ञा (मनाला होणारी जाणीव) वेगवेगळ्या. निमित्ताचंही तसंच, असं ग्रंथच सांगतो. म्हणजे ठरावीक उजेड शोधू नका, हेच ना?

पालीप्रेमी
मला तिसरीच गोष्ट खटकते. तुम्ही दोघंही एकट्यानं वाचताय. तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट आहे की कम्मट्ठान (ध्यानाचा विषय) कल्याणमित्राकडून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या गुरूकडून घ्यायचं, तेही आपलं चरित (स्वभाव) पाहून: रागचरित (आसक्तीचा), दोसचरित (द्वेषाचा) अशी सहा. ही पानं शिकवणाऱ्याच्या हाताशी असावीत अशीच रचलेली वाटतात. मराठीतून सुरुवात हवी असेल तर धर्मानंद कोसंबींचं १९२५ चं ‘समाधिमार्ग’ आहे. मूळ पालीची देवनागरी आवृत्तीही त्यांनीच संपादित केली.

मौनी
नदी आणि झाडाचा भाग माझ्या वाचनातून निसटला होता, हे मान्य. पण तो यादीच्या नंतर येतो. माझं मन यादीपाशीच अडकलं, आणि माझ्यासारखे बरेच अडकतात. शिकवणारा जवळ नसेल, तर मी आजही नवख्याला आधी सुत्तच देईन आणि हा ग्रंथ वर्षभरानं.

सावकाश वाचक
वर्षभर थांबायला माझी हरकत नाही. फक्त घंटेचा दृष्टान्त तेवढा पहिल्याच आठवड्यात सांगा त्याला.