११वी सायन्स : सीईटीसाठी क्लास कुठला? दोन वर्षांचं बजेट ४० हजार

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. लेकीला १०वीला ९१ टक्के पडले. स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं म्हणते, म्हणजे १२वीनंतर सीईटी, राज्याची प्रवेश परीक्षा, द्यायची. आम्ही कराडचे. दोन वर्षांचे मिळून ४० हजार काढू शकतो, त्यावर नाही. आणि पुण्याला ठेवायची नाही, हे आधीच सांगते. इथलाच क्लास लावू की ऑनलाइन कोर्स घेऊ? जेईई, म्हणजे देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तीपण द्यायला लावू का?

मिरजवाले
ताई, पुण्याला पाठवाच. आमच्या चिरंजीवांना इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि क्लास एकत्रच) घातलं होतं. अडीच लाख फी, हॉस्टेल-मेस वेगळी. पण सीईटीला ९९ च्या वर पर्सेंटाइल आणलं पठ्ठ्याने. गावात राहून ते वातावरण मिळत नाही.

नानिवडेकर_बाई
त्यांनी ४० हजार लिहिलंय हो.
ताई, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे, म्हणून पेपरबद्दल सांगते. सीईटीचा पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) पेपर २०० मार्कांचा. फिजिक्स ५० प्रश्न, केमिस्ट्री ५०, एकेक मार्क. मॅथ्सचे ५०, पण दोन-दोन मार्कांचे, म्हणजे निम्मा पेपर मॅथ्सच. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण ८० टक्के भाग १२वीचा, २० टक्के ११वीचा, आणि ११वीचे ठरावीक धडेच असतात. बालभारतीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचायला लावा. पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत.

जेईईवाला_दादा
फक्त सीईटी म्हणजे स्वतःला बांधून घेणं. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, एनआयटीची (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची) दारं उघडतात. माझ्या भाचीने दोन्ही दिल्या, अभ्यास वाया जात नाही.

नानिवडेकर_बाई
वाया जात नाही, पण वेळ जातो. जेईईला ७५ प्रश्नांना तीन तास, सीईटीला १५०ला तेवढेच. दोन्हीची चाल वेगळी. शिवाय चुकलं की जेईईत एक मार्क जातो, तिथे सोडायला शिकावं लागतं आणि इथे न सोडायला.

जेईईवाला_दादा
एनआयटीला १२वीचे ७५ टक्केही लागतात, म्हणजे बोर्डाचाही अभ्यास होतो. मी माझ्या मतावर ठाम आहे.

वाईचा_बाप
मूळ चूक स्टेट बोर्डाची. सीबीएसईत असती तर हा प्रश्नच आला नसता.

ओगलेवाडी
सीईटी स्टेट बोर्डाच्याच अभ्यासक्रमावर असते, दादा. इथे आपल्याच पोरांना फायदा आहे.

वाईचा_बाप
फायदा असता तर सीबीएसईची मुलं वर आली नसती. असो, माझा मुलगा सीबीएसईचा आहे आणि आम्ही समाधानी आहोत.

सातारी_मिरची
क्लासवाल्यांचा अनुभव घ्या माझ्याकडून. आमच्याकडे दोन वर्षांची फी एकरकमी घेतली, दिवाळीनंतर केमिस्ट्रीचे सर सोडून गेले आणि बदली सर आलेच नाहीत. फी मागितली तर 'नियमात नाही'. क्लास लावलात तर हप्त्याने भरा, पक्की पावती घ्या आणि शिकवणार कोण ते नावानिशी विचारा. डेमो लेक्चरला येणारे सर नंतर दिसत नाहीत.

मिरजवाले
म्हणूनच म्हणतो, मोठ्या ब्रँडला घाला.

सातारी_मिरची
मोठ्याच ब्रँडची गोष्ट सांगतेय.

सेतूवाली_मावशी
क्लासचं भांडण चालू दे, कागदांचं कोणीच बोललं नाही. ताई, कॅटेगरी कुठली?

कृष्णाकाठ
ओबीसी. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही.

सेतूवाली_मावशी
मग आजपासून लागा. आमच्याकडे जून-जुलैत रडत येतात लोक, पर्सेंटाइल चांगलं आणि व्हॅलिडिटी नाही. अर्ज कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचा उतारा. जात नीट वाचता यायला हवी आणि आडनाव तेच हवं. आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं, म्हणून तो दाखला शाळेतून काढून आधी हातात घेऊन बघा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत कुठल्या ३१ मार्चला संपते तेही पाहा.
आणि मुलगी आहे ना? २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) यांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. ओबीसीला 'महाज्योती' या सरकारी संस्थेचं मोफत प्रशिक्षणही असतं, टॅबसकट. त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

ओगलेवाडी
मावशी +१. व्हॅलिडिटीचं मी पण हेच म्हणणार होतो.

जेईईवाला_दादा
११वी-१२वीला बायफोकल (व्यवसाय शिक्षणाचा विषय) कॉम्प्युटर सायन्स घ्या म्हणावं. २०० मार्कांचा विषय, स्कोअरिंग.

नानिवडेकर_बाई
सीईटीच्या मार्कांत बोर्डाचे मार्क धरत नाहीत. १२वीला ओपनला ४५ आणि मागासवर्गीयांना ४० टक्के पडले की पात्र. बायफोकल आवड असेल तर घ्या, मार्कांसाठी नको.
सरावाचं एक राहिलं. सीईटी कॉम्प्युटरवर असते. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, नंतरची ९० मॅथ्सची, आणि एकीकडचा वेळ दुसरीकडे नेता येत नाही. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. स्क्रीनवरचं वाचून कागदावर आकडेमोड करायची सवय नसली की तिथेच मुलं मागे पडतात. घरी घड्याळ लावून असेच भाग पाडून सोडवायला लावा.

मिरजवाले
एवढं सगळं घरी कोण करून घेणार? क्लास लागतोच.

जेईईवाला_दादा
निदान ऑनलाइन तरी घ्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. घरी बोलणं झालं. ११वीला क्लास नाही आणि ऑनलाइनही नाही. कॉलेज रोज करेल. फक्त मॅथ्सला शेजारच्या निवृत्त सरांकडे जाईल, ते महिन्याला हजार रुपये घेतात आणि समोर बसवून सोडवून घेतात. उरलेले पैसे १२वीच्या टेस्ट सिरीजला आणि एका साध्या कॉम्प्युटरला. जेईईचा फॉर्म भरू, पण वेगळी तयारी नाही. सासऱ्यांचा दाखला काढायला मिस्टर उद्या शाळेत जातायत.

मिरजवाले
ताई, पुन्हा विचार करा. ११वीच वाया जाते, मग १२वीत धावाधाव.

कृष्णाकाठ
दादा, विचार करूनच ठरवलंय. कोणाकडे ११वीची जुनी पुस्तकं आहेत का, कराडच्या आसपास?

ओगलेवाडी
आहेत. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे दोन्ही भाग. केमिस्ट्रीचं कव्हर गेलंय. रविवारी घरीच आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.