घोडीचा मागचा पाय सुजला आहे: पावसाळ्यातील शुश्रूषेविषयी विचारणा

डिचोलीची पागा

नमस्कार. डिचोली तालुक्यात आमच्या कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून एक लहानसा तबेला आहे आणि त्यात नऊ वर्षांची काठियावाडी घोडी आहे. रविवारी सकाळी चंदी घालायला गेलो तेव्हा तिने तोंड लावले नाही आणि डावा मागचा पाय ती जमिनीला टेकवेना. खुरापासून हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) वरपर्यंत तो पाय केळीच्या खांबासारखा एकसारखा सुजला होता, हाताला तापलेला लागत होता आणि बोट लावताच ती पाय झटकून वर घेत होती. ताप १०४.२ अंश फॅरनहाइट होता. चार दिवस आधी त्याच पायाच्या खुरामागच्या खळग्यात चिखलाने कातडी फुटून खपली धरल्याचे मी पाहिले होते, पण पावसात असे होतेच असे म्हणून सोडून दिले, याची रुखरुख मनातून जात नाही.

पशुवैद्य त्याच दुपारी आले. त्यांनी सेल्युलायटिस (कातडीखालच्या थरातला जंतुसंसर्ग) असे निदान करून पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि वेदनेसाठी फ्लुनिक्सिन सुरू केले, धनुर्वाताची लसही दिली. आज चौथा दिवस आहे. ताप १०१.८ पर्यंत उतरला आहे, चंदीही थोडी खाते, परंतु सूज जवळजवळ तशीच आहे आणि नडगीच्या आतल्या बाजूच्या ताणलेल्या कातडीतून पिवळसर पाणी झिरपते. डॉक्टरांना रोज येणे शक्य नाही. इंजेक्शने त्यांचा सहायक येऊन देतो, मधला सगळा वेळ मात्र आम्हा दोघा नवराबायकोंवर आहे. शेजारचे वडीलधारे गरम शेक आणि हळद-चुन्याचा लेप सुचवतात. पाय शेकावा की थंड ठेवावा, घोडीला चालवावे की उभीच ठेवावी, आणि या ओलाव्यात कातडी कोरडी कशी राखावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फोंड्याचा घोडेवाला

दादा, शेक आणि चुना दोन्ही टाळा. कातडी आधीच आतून ताणलेली आहे. चुन्याने ती भाजेल आणि उद्या ती जागा सडली तर आजार कोणता आणि चुन्याची जखम कोणती हे डॉक्टरांनाही कळणार नाही. माझ्या घोड्याला दोन पावसाळ्यांपूर्वी हेच झाले होते. विहिरीच्या पाण्याची बारीक धार दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे सोडत होतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी फारसे गार नसते, म्हणून मासळीबाजारातून बर्फ आणून तो पाण्यात विरघळवायचो. बर्फाचा खडा मात्र थेट कातडीला लावला नाही.

धार सोडल्यानंतर पाय सुती फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करणे हे धारेइतकेच महत्त्वाचे आहे, घासू नये. जमिनीसाठी मी जांभ्याच्या लाद्यांवर लाकडाच्या भुशाचा वीतभर थर घातला आणि ओला भाग दिवसातून दोनदा काढला. भाताचा पेंढा पावसात लगेच कुबट होतो, त्याची बुरशी घोड्याच्या श्वासालाही वाईट.

निवृत्त पशुवैद्य

वरील सल्ला योग्य आहे. त्यात काही गोष्टींची भर घालतो, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच त्या कराव्यात.

प्रथम सूज का उतरत नाही ते समजून घ्या. घोड्याच्या हॉकखाली स्नायू जवळजवळ नसतात; तिथे हाडे, दोऱ्यांसारखे कंडर (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि त्यांवर घट्ट कातडी एवढेच असते. पायातील लसिका (ऊतींतून पाझरलेला द्रव) वर सरकते ती मुख्यतः चालण्याने आणि खुरावर पडणाऱ्या दाबाने. पाय दुखतो म्हणून घोडी उभी राहते, उभी राहते म्हणून पाणी साचते, आणि साचलेल्या पाण्यात जंतूंना आयतीच जागा मिळते. म्हणून ताप उतरला की औषधाइतकेच काम चालण्याने होते. तोवर तिला ओढून चालवू नका. ती पायावर आपणहून भार देऊ लागली की डॉक्टरांच्या संमतीने, सपाट आणि घट्ट जमिनीवर, म्होरकीला धरून पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा फिरवा. अंगणात चिखल असेल तर तबेल्याच्या ओसरीवरच चार फेऱ्या चालतील.

पट्टी बांधण्यास डॉक्टरांनी सांगितले तर कापसाचा जाड थर आधी घ्या, खालून वर या दिशेने सारख्याच दाबाने गुंडाळा आणि रोज सोडून कातडी पाहा. घट्ट बसलेली एक वळी कंडराला कायमची इजा करू शकते. दुसऱ्या मागच्या पायालाही आधाराची पट्टी हवी. झिरपणारे पाणी पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने किंवा क्लोरहेक्झिडीनने हलकेच पुसून, जागा कोरडी करून, तिच्या खालच्या निरोगी कातडीवर झिंक ऑक्साइडचे मलम लावा, म्हणजे तो ओघळ पुढची कातडी खरवडणार नाही. माश्या बसू देऊ नका. आपल्या हवेत उघड्या जखमेत आळ्या पडायला दीड-दोन दिवस पुरतात.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. आपण सर्वजण सुजलेल्या पायाकडे पाहतो, आणि तेवढ्यात चांगला पाय हातचा जातो. आठवडाभर सगळा भार उजव्या मागच्या खुरावर पडला की त्या खुराच्या आतील पडद्यांचा रक्तपुरवठा बिघडून लॅमिनायटिस होऊ शकतो, आणि सेल्युलायटिसमधून वाचलेले घोडे त्याने गेल्याचे मी पाहिले आहे. सकाळ-संध्याकाळ उजव्या खुराच्या वर, मागच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून नाडी चाचपा. निरोगी घोड्यात ती अगदी मंद लागते, कधी सापडतही नाही; ती ठणठण उडू लागली, खूर गरम लागला किंवा घोडी सारखी पाय बदलू लागली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. विश्रांतीच्या काळात चंदी निम्म्याहून कमी करा, गूळ पूर्ण बंद ठेवा, वाळके गवत भरपूर द्या.

तापाची वही ठेवा. घोड्याचे तापमान साधारण ९९.५ ते १०१.३ या दरम्यान असते, नाडी मिनिटाला २८ ते ४४. फ्लुनिक्सिन दिल्यावर ताप औषधानेच उतरतो, म्हणून पुढची मात्रा देण्याच्या अगोदर मोजलेला आकडाच खरा धरावा. पाणी किती प्यायली, लीद किती वेळा टाकली हेही लिहा. जेंटामायसिन आणि फ्लुनिक्सिन या दोहोंचा ताण मूत्रपिंडांवर येतो, त्यामुळे पाणी कमी झालेले चालत नाही. लीद पातळ झाली तर तीही तातडीची बाब समजा. घरातली वेदनाशामके मनाने देऊ नका. दोन वेदनाशामके एकत्र पडली तर जठरात आणि आतड्यात व्रण होतात. डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर तर २००६ सालीच बंदी आली, कारण ते दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाऊन गिधाडे मरत होती.

दोन शंका डॉक्टरांकडून फेडून घ्या. जखम सांध्याच्या किंवा कंडराभोवतीच्या द्रवाच्या पिशवीपर्यंत गेली असेल तर केवळ इंजेक्शनांनी भागत नाही, ती पिशवी धुवावी लागते आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. सूज ओसरत असूनही लंगडणे वाढले तर हीच शंका पहिली घ्यावी. दुसरे म्हणजे, पायावर लसिकावाहिनीच्या रेषेत माळेसारख्या गाठी उठून फुटू लागल्या, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य रोगाची तपासणी अनिवार्य आहे. तो रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार त्याची सूचना देणे बंधनकारक आहे. नमुन्यांची खातरजमा हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही, तरी पाय धुताना हातमोजे घालाच.

प्रतिजैविके सूज दिसेनाशी होताच थांबवू नयेत. अर्धवट सोडलेला सेल्युलायटिस उलटतो, आणि दर वेळी लसिकावाहिन्या थोड्या अधिक निकामी होऊन पाय कायमचा जाड राहतो.

पेडणे

नालबंदाला बोलावून उजव्या खुराला मऊ आधार देता येतो, तो मागच्या भागासह पूर्ण तळव्याला हवा. आमच्याकडे जाड थर्मोकोल कापून पट्टीने बसवला होता, दर दोन दिवसांनी बदलत होतो. डाव्या पायाचा नाल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका, ठोकाठोकीने ती बिथरेल.

डिचोलीची पागा

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज अकरावा दिवस. चुना लावला नाही. शेजारच्या काकांना कारण समजावून सांगितले, ते आता स्वतः बर्फ आणून देतात. सहाव्या दिवशी औषधापूर्वीचा ताप १००.६ आला आणि त्या संध्याकाळी घोडीने पहिल्यांदा डावे खूर पूर्ण टेकवले. डॉक्टरांनी अल्ट्रासाऊंड करून सांधा आणि कंडराची पिशवी स्वच्छ असल्याचे सांगितले. आठव्या दिवशी पहाटे उजव्या खुराची नाडी मला नेहमीपेक्षा जोरात लागली. एरवी तिकडे माझा हातही गेला नसता. डॉक्टर तासाभरात आले, खुरांना बर्फ लावायला सांगितला, भुशाचा थर दुप्पट करून थर्मोकोलचा आधार बसवला; दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा मंद झाली.

पाय अजून उजव्यापेक्षा दोन बोटे जाड आहे, सकाळी जास्त, फिरवल्यावर कमी. प्रतिजैविके आणखी दहा दिवस चालतील. खुरामागच्या खळग्यातली खपली निघाली असून खाली गुलाबी कातडी आली आहे, ती रोज पाय उचलून, टिपून, कंदिलाच्या उजेडात पाहतो. चारही पायांची.