बियर बनवताना स्पार्ज (धान्यातली साखर गरम पाण्याने धुऊन काढणं) करूनही एफिशियन्सी (धान्यातली किती साखर हाती येते) ६०% च्या पुढे जात नाहीये

ऑल-ग्रेन (तयार अर्क न वापरता थेट माल्टच्या धान्यापासून) करतोय, मॅश (भरडलेलं धान्य आणि गरम पाणी) ६७ डिग्रीला तासभर ठेवतो, मग वरून गरम पाणी ओततो आणि नळ पूर्ण उघडून वर्ट (धान्याचं गोड पाणी) काढून घेतो, तरी ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी वर्टची घनता) कमीच येते. पाणी वाढवू का अजून?

उत्तर: पाणी नको वाढवू, आधी नळ आवर. फ्लाय स्पार्जला (वरून पाणी सोडत राहून खालून वर्ट काढायला) ४५ मिनिटं ते तास लागायलाच पाहिजे, नाहीतर पाणी धान्यातून वाट काढून सरळ खाली उतरतं आणि साखर बाजूला तशीच राहते. धान्याच्या वर इंचभर पाणी कायम ठेव.

उत्तर: मी म्हणेन आधी भरडा बघ. अख्खे दाणे दिसले तर स्पार्जला कशाला दोष, साखर तयारच झाली नाही तर धुणार काय? बारीक भरड, पण टरफलं शाबूत पाहिजेत, पार पीठ केलंस तर मॅश जाम.

उत्तर: बॅच स्पार्ज कर ना सरळ! पहिला वर्ट पूर्ण काढ, पाणी टाकून नीट ढवळ, दहा मिनिटं थांब, परत काढ, दोन्ही वेळचा वर्ट मापाने साधारण सारखा आला की झालं. पाणी ७५-७६ डिग्री. फ्लायच करणार असशील तर खालून येणाऱ्या वर्टची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली किंवा पीएच ६ ला टेकला की थांब, टॅनिन (टरफलातला तुरट पदार्थ) उतरून बियर तुरट लागते.

मूळ प्रश्नकर्ता: बरेच दाणे अख्खे दिसतायत 😅 मिलची (भरडायच्या यंत्राच्या रोलरमधली) गॅप किती ठेवू?

उत्तर: १ मिमीपासून सुरू कर, मग थोडी थोडी कमी कर.